चौथ्या वाक्यावर टेबल वाजवणारे काका

काका बोलता बोलता मध्येच उठायचे, दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि त्या दोन पावलांत माणूस बदलून जायचा. हातांच्या खुर्चीत बसले की ते साहेब: आवाज जड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोरच्याचं नाव मुद्दाम चुकीचं घेणारे. बिनहातांच्या खुर्चीत बसले की उमेदवार: गुडघे जुळलेले, तळवे मांडीवर, नजर टेबलाच्या कडेला. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत या दोन खुर्च्या आणि मध्ये एक टेबल, एवढंच सामान होतं. गल्लीतले लोक त्यांना कुर्सीवाले भैया म्हणत. आम्ही त्यांच्याकडे शिकायला जाणारे त्यांना काका म्हणायचो.

उमेदवाराच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ती डुगडुगायची. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, की कागदाची घडी करून पायाखाली सरकवली तर नीट होईल.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "तो पाय मीच कापलाय. इंटरव्ह्यूत खुर्ची कधी नीट नसते, वंदना. हलत्या खुर्चीत बसून सरळ बोलता आलं पाहिजे."

हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. आजही वाटतं. अडचण तीच आहे.

काकांकडे जाणारे आम्ही सगळे, लोक म्हणतात तसे, जरा वेगळे होतो. कोणाला ऑटिझम होता, कोणाला छापलेली अक्षरं उलटसुलट दिसायची, कोणाचं लक्ष एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. काम सगळ्यांना यायचं. पण इंटरव्ह्यूच्या खोलीतून बाहेर पडलो की आम्हाला परत कोणी बोलावत नसे. काका एका सरकारी खात्यात भरतीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेले. रिटायर झाल्यावर त्यांनी हे काम काढलं: आम्हाला इंटरव्ह्यूसाठी तयार करायचं, नोकरी शोधून द्यायची आणि सुरुवातीचे दहा दिवस आमच्याबरोबर नोकरीच्या जागी जाऊन बसायचं. फी घेत नसत. दसऱ्याला सोनं द्यायला या म्हणत, तेवढंच.

मी बी. कॉम. झालेली. पहिल्या वर्गात. हे मी कुठेही आधी सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. विदर्भातल्या वरूडकडून आजोबांच्या वेळी आलेलो आम्ही. दुसऱ्यांची कपाटं चमकवत दोन पिढ्या गेल्या. माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटला बाबांनी स्वतः फ्रेम केली आणि त्या फ्रेमला चार हात पॉलिश दिलं. त्यानंतर मी सात ठिकाणी इंटरव्ह्यू दिले आणि सातही ठिकाणांहून घरी आले. मग एका डॉक्टर बाईंनी सांगितलं, की मला ऑटिझम आहे. माझ्या डोक्यातली तार वेगळ्या जागी जोडलेली आहे, तुटलेली नाही, असं त्यांनी बाबांना समजावलं. घरी फाटकाशी आल्यावर बाबा म्हणाले, "वायरिंग वेगळी असली तरी लाइट लागतेच ना."

ज्यांच्या घरी बाबा कपाट पॉलिश करून राहिले होते, त्यांनी काकांचा पत्ता दिला. आम्ही गेलो. काकांचं घराणं जबलपुरातलं फार जुनं, भोसल्यांच्या काळात चाकरीला आलेलं. त्यांचं मराठी पुस्तकासारखं. बाबा दारातच अवघडून उभे.

"बसा."

"नाही जी, ठीक आहे. पोरगी हुशार आहे जी, पण..."

काकांनी तळहात वर केला. "पण नंतर. आधी तिला बोलू द्या." मग माझ्याकडे वळले. "काय येतं तुला?"

तोवर मला सगळ्यांनी विचारलं होतं, की काय त्रास होतो. काय येतं हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला चुका दिसतात."

त्यांनी त्या दिवशीच आलेली एक लग्नपत्रिका माझ्यापुढे टाकली. मी ती वाचली आणि सांगितलं, की यात नवऱ्या मुलाचं आडनाव दोन प्रकारे छापलंय, आणि जी तारीख आहे त्या दिवशी गुरुवार नाही, शुक्रवार येतो. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "अगं, त्या लोकांना फोन कर. आपल्याला काय, पण त्यांचं वऱ्हाड एक दिवस आधी पोचेल." काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. बाबा तेव्हा कुठे बसले.

इंटरव्ह्यूतला पहिला प्रश्न असतो, "अपने बारे में कुछ बताइए." या प्रश्नाने मला सात वेळा पाडलं होतं. मी प्रामाणिक मुलगी. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की सांगायची: कुठल्या दवाखान्यात जन्मले, तिसरीत कोणता ताप आला, बारावीत कोणत्या विषयात किती, पॉलिशमध्ये स्पिरिट किती घालतात. एका ठिकाणी साहेबांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं, की ते चार मिनिटं पुढे आहे. काकांना हे सांगितलं तर ते हसता हसता खोकायला लागले. मग एकदम साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"तीन वाक्यं," ते म्हणाले. "पहिल्यात कोण आहेस. दुसऱ्यात काय येतं. तिसऱ्यात, ते समोरच्याच्या काय कामाचं. चौथं वाक्य निघालं की मी टेबल वाजवणार."

आणि ते वाजवायचे. बोटाची गाठ, एकदाच, टक. पहिले पंधरा दिवस त्या खोलीत सुताराचं काम चाललंय असं वाटत असेल. पुढे पुढे चौथं वाक्य तोंडाशी यायचं आणि माझी मीच थांबायची. अजून थांबते. लग्नाकार्यात लोक विचारतात, काय चाललंय, तर मी तीन वाक्यं सांगते आणि गप्प बसते. लोकांना वाटतं पोरगी घमेंडखोर आहे.

दुसरं त्यांनी दिलं ते एक कार्ड. ऑफिसात लोक बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरं, ते मला कळायचं नाही. काकांनी त्याची यादीच करून दिली, पर्समध्ये मावेल अशी. "देखते हैं" म्हणजे नाही. "करते हैं" म्हणजे पुढच्या आठवड्यात परत विचार. "आप ही देख लीजिए" म्हणजे काम तुझ्या गळ्यात पडलं. "कभी घर आइए" म्हणजे जाऊ नकोस. हे शेवटचं मी अनुभवाने शिकले होते. कॉलेजातल्या एका बाईंच्या घरी मी खरंच गेले होते, डबा घेऊन.

पण काकांची जी सवय मला सर्वांत आवडायची ती निराळीच होती. कोणाची आई, कोणाचा भाऊ हळू आवाजात बोलायला लागला की काका हात वर करायचे. "थांबा. त्याला आत बोलवा, मग बोला. माणसाबद्दल बोलायचं ते माणसासमोर." बाबा माझी चौकशी करायला आले तरी ते आधी मला हाक मारायचे. मी लहानपणापासून माझ्या डोक्यावरून चाललेली बोलणी ऐकत आलेली. नातेवाईक, मास्तर, शेजारी. मी खोलीत असताना मी खोलीत नसल्यासारखे बोलायचे. या माणसाच्या घरात पहिल्यांदा असं झालं, की माझ्याबद्दलचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडावर बोललं गेलं. म्हणून मी त्यांना मानलं. बापानंतर मी कोणाच्या पाया मनापासून पडले असेन तर त्यांच्या.

विजय नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायला माणूस पाहिजे, अशी बातमी काकांनीच आणली. अर्ज पाठवण्याआधी मी त्यांना एक अट घातली.

"काका, माझ्या ऑटिझमचं त्यांना सांगायचं नाही. मला दयेवर लागायचं नाही आहे. डिग्रीवर लागायचं आहे."

"सांगितलं तर सोपं जाईल," काका म्हणाले. "पंख्याचा आवाज, बसायची जागा, सगळंच."

"सोपं नको."

"बरं. तुझ्या तोंडाशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून जाणार नाही. वचन."

त्यानंतर त्यांनी पाच प्रश्न काढले आणि आठवडाभर तेच पाच घोटून घेतले. इंटरव्ह्यूच्या दिवशी लॅबच्या साहेबांनी मला पाच प्रश्न विचारले. तेच पाच. त्याच क्रमाने. मला वाटलं, तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो असा. आठव्या इंटरव्ह्यूत मी पास झाले. बाबांनी पॉलिशचे हात न धुताच खोव्याची जिलेबी आणली, अर्धा किलो, आणि गल्लीत वाटताना प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाले: "आपल्या दमावर लागली जी." मी मागे उभी होते. ते वाक्य मी माझ्या हाडात घालून घेतलं. पुढची नऊ वर्षं मी त्या वाक्यावर ताठ चालले.

पहिले दहा दिवस काका माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचे. आत नाही, बाहेरच्या बाकावर, रक्त द्यायला आलेल्या लोकांमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसायचे. एकदा एका सिस्टरने त्यांना पेशंट समजून बाही वर करायला लावली. दुपारी आम्ही काकूंनी दिलेला डबा खायचो आणि सकाळपासून काय बिनसलं ते मी सांगायची. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, की मशीनचा आवाज डोक्यात जातो. तिसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीजवळ सरकलेलं होतं. मला वाटलं, नशीब.

काम मला यायचं. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी नाव, वय, आकडे जुळवून पाहायचे. एका आजोबांच्या नावावर गरोदरपणाची तपासणी आली होती, ती मी अडवली. दशांशाचा बिंदू सरकून हिमोग्लोबिन दसपट झालेलं मी किती वेळा धरलं याची गणती नाही. नवीन येणाऱ्यांना मीच शिकवायची. मी शिकवलेले दोघं रिपोर्ट विभागाचे इन्चार्ज झाले, एकामागून एक. मला कोणी विचारलं नाही. दुसरा इन्चार्ज झालेला मुलगा चांगला होता. पेढा देताना म्हणाला, "दीदी, आपको तो इन झंझटों में पड़ना ही नहीं है, पता है हमको." मला ती स्तुती वाटली. तुला हे कोणी सांगितलं, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्या दसऱ्याला सोनं द्यायला गेले तेव्हा काकांना म्हणाले, "मला काहून नाही विचारत ते? इन्चार्जचं कामही मीच करून राहिली आहे."

काका आपट्याची पानं हातात फिरवत होते. "माणसं सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, वंदना. तुला काय करायचंय? कामात राहा. कामात तू राणी आहेस."

मी मान हलवली आणि पाया पडून घरी आले.

नवव्या वर्षी लॅबने कर्मचाऱ्यांच्या सगळ्या फायली कम्प्युटरवर चढवायच्या ठरवल्या. कागद चुकू नयेत म्हणून तपासायचं काम साहजिकच माझ्याकडे. प्रत्येक फाईलच्या कव्हरच्या आत कागदांची यादी असते. यादीत जितके, आत तितके, एवढं बघायचं. चाळीसएक फायली झाल्या आणि माझी आली. यादीत अकरा कागद. आत बारा.

बारावा कागद काकांच्या हातचा होता. त्यांचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. सरकारी हिंदीत, वर "गोपनीय" लिहून खाली रेघ मारलेली. त्यांनी मला वचन दिलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.

"महोदय, उक्त अभ्यर्थी को ऑटिज़्म है। कार्य में अत्यंत सटीक है। पाँच प्रश्न संलग्न हैं, कृपया यही पूछे जाएँ। बैठने का स्थान मशीनों से दूर दें। परिवार साधारण है, कभी शिकायत नहीं करेगा। अभ्यर्थी को पदोन्नति की अपेक्षा नहीं रहेगी। पत्र के विषय में उसे अवगत न कराएँ।"

अभ्यर्थी म्हणजे उमेदवार, म्हणजे मी. मी त्यात चूक शोधली. सवयीने. शुद्धलेखनाची एकही नव्हती.

मी त्या कागदाची नक्कल काढली, तो परत जागेवर लावला आणि उरलेल्या फायली तपासल्या. त्या दिवशी मी एकही चूक केली नाही. घरी आले तर बाबा बाहेर स्टूल घेऊन बसले होते. म्हणाले, "चेहरा काहून उतरला?" मी म्हणाले, मशीनचा आवाज होता. आयुष्यात बापाशी खोटं बोलायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी गल्लीत वाटलेलं वाक्य मी त्यांच्या हातून कशी काढून घेणार होते? आपल्या दमावर लागली जी. ते त्यांनी अजून सांभाळून ठेवलं आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी काकांकडे गेले. पत्राची नक्कल हातात होती. काका हातांच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे गेलेले. उठताना टेबलाचा आधार घ्यायचे.

"काका, त्या खुर्चीत बसा."

"काय?"

"उमेदवाराच्या."

ते उठले, आणि डुगडुगत्या खुर्चीत बसले. मी साहेबांच्या खुर्चीत बसले. नऊ वर्षांत कधी बसले नव्हते. पत्र टेबलावर त्यांच्या बाजूला अक्षरं करून ठेवलं.

"अपने बारे में कुछ बताइए," मी म्हणाले.

"वंदना, हे काय करते आहेस तू?"

"तीन वाक्यं, काका."

त्यांनी पत्राला हात लावला नाही. वाचायची गरज नव्हती. आत काकूंचा कुकर लागला होता. दोन शिट्या झाल्या. मग बोलले, अगदी शिकवल्यासारखे, हात मांडीवर ठेवून.

"मी तीस वर्षं लोकांचे अर्ज पाहिले. तुझ्यासारख्यांचे अर्ज मी स्वतःच्या हातांनी बाजूला ठेवले. त्यामुळे काय लिहिलं म्हणजे समोरचा साहेब घाबरत नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं."

तीन झाली. मग म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच..."

मी टेबल वाजवलं.

खुर्ची हलली. त्यांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं होतं, मी ओरडेन. ओरडले नाही. मी विचारलं, "बढतीचं वाक्य काहून लिहिलं? बाकीचं एक वेळ समजते. ते काहून?"

"त्या वाक्याशिवाय कोणी घेत नव्हतं. पहिल्या तिघांना घेतलं नाही. मग मी ते वाक्य घातलं."

"सगळ्यांच्या पत्रात?"

"सगळ्यांच्या."

"आम्हाला विचारायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

"नसती गेली," मी म्हणाले. "नाही म्हणायचा हक्क माझा होता, काका. तुम्ही तोही माझ्यामागं देऊन टाकला."

काकू चहा घेऊन दारात आल्या, दोघांच्या खुर्च्या पाहिल्या आणि तशाच परत गेल्या. मी उठले. पाया पडले नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला राग कशाचा आला होता ते तिथे कळलं. पत्रात त्यांनी मला वाईट म्हटलं नव्हतं. चांगलंच म्हटलं होतं. पण ज्या एका घरात माझ्याबद्दल माझ्यामागे कोणी बोलत नाही असं मी समजत होते, त्याच घरात बसून ते लिहिलं गेलं होतं. बहुतेक त्याच टेबलावर.

सोमवारी मी लॅबच्या साहेबांकडे गेले. इंटरव्ह्यू घेणारे तेच आता मॅनेजर होते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "रेकमेंडेशन में तो लिखा था कि आपको प्रमोशन चाहिए ही नहीं. हमने तो आपका ध्यान ही रखा, वंदना जी." मी म्हणाले, मला पाहिजे आहे. ते म्हणाले, "देखते हैं."

कार्ड पर्समध्ये होतं. काढायची गरज पडली नाही.

"सर, देखते हैं को मैं ना मानती हूँ. ना है तो लिखकर दे दीजिए."

ते हसले, मग हसायचे थांबले. मी ते पत्र फायलीतून काढा असं म्हटलं नाही. कागद आहे तर तो यादीत पाहिजे, हा माझ्या कामाचा नियम आहे. मी यादीत बाराव्या नंबरवर लिहिलं: सिफ़ारिश-पत्र, अभ्यर्थी को दिखाया नहीं गया. आणि तेराव्या नंबरवर माझं उत्तर लावलं. तीनच वाक्यं होती. "मुझे ऑटिज़्म है, यह मैं स्वयं बता रही हूँ। मुझे ग़लतियाँ दिखती हैं। मुझे पदोन्नति की अपेक्षा है।"

चार महिन्यांनी जागा निघाली. आम्ही तिघांनी इंटरव्ह्यू दिला. एकही प्रश्न ओळखीचा नव्हता. एका उत्तरात माझी चार वाक्यं झाली, पाच झाली, कोणी टेबल वाजवलं नाही. जागा मला मिळाली. मॅनेजर साहेबांनी अभिनंदन केलं तेव्हा मी विचारलं, "किसी का फ़ोन तो नहीं आया था?" ते म्हणाले नाही. मी घरी जाण्याआधी माझी फाईल काढून कागद मोजले. काकांनी माझ्याकडून काय नेलं असं कोणी विचारलं तर हे सांगता येईल. आता कोणी काही चांगलं दिलं, तर मी आधी कागद मोजते.

पुढच्या वर्षी काका-काकू नागपूरला मुलीकडे राहायला निघाले. काकूंनी फोन करून बोलावलं. पुढची खोली रिकामी झाली होती. काकांनी दोरीने बांधलेला एक गठ्ठा माझ्या हातात दिला. सगळ्या पत्रांच्या नकला होत्या. सरकारी माणूस, नक्कल ठेवल्याशिवाय त्यांचा कागद घराबाहेर पडत नसे.

"ज्याचं त्याला देऊन टाक," म्हणाले. माफी मागितली नाही. मला वाटतं, त्यांच्या मते हीच माफी होती. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मी वाकेन म्हणून वाट पाहिली. मी काकूंच्या पाया पडले. गठ्ठा घेतला आणि निघाले.

मी घरोघर जाऊन पत्रं दिली. सदर बाजारातल्या बेकरीत पॅकिंग करणाऱ्याने वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "दीदी, ये काहे को दिखाया? मैं तो ख़ुश था." मी म्हणाले, तुझं आहे म्हणून. त्याने मला जाताना बिस्किटं दिली नाहीत, एरवी द्यायचा. एक मुलगी रडली. एकाने त्याच दिवशी मालकाकडे जाऊन बढती मागितली आणि त्याला मिळाली नाही. मी बरोबर केलं की नाही मला माहीत नाही. पण ते कागद मी माझ्याकडे ठेवू शकत नव्हते.

काका नागपूरला दोन वर्षं होते. गेल्याचा फोन काकूंनीच केला. शेवटी शेवटी ते कोणाला ओळखत नव्हते म्हणाल्या, पण कोणी जास्त बोलायला लागलं की पलंगाच्या कडेवर बोटाची गाठ मारायचे. मी फोन ठेवला आणि रिपोर्ट तपासत बसले. गेले नाही.

दीक्षितपुऱ्यात त्यांच्या दारात अजून आईबाप येतात, मुलाला किंवा मुलीला घेऊन. शेजारी त्यांना माझ्याकडे पाठवतात. रविवारी सकाळी मी आमच्या घरी बसते. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, दोन्ही सारख्या, दोन्हींचे पाय शाबूत. तीन वाक्यं शिकवते. कार्ड देते. काय येतं तुला, असंच विचारते. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते आणि खाली माझी सही करते: तुझ्याबद्दलचा प्रत्येक कागद आधी तू वाचशील, आणि तू नाही म्हटलंस तर तो जाणार नाही. यामुळे माझ्या हातून काकांच्या निम्म्याही नोकऱ्या लागत नाहीत. हे मला ठाऊक आहे.

परवा एक मुलगी आली होती. वीस-एकवीसची, मराठी समजतं पण बोलताना हिंदीत घसरते. वाक्यं मोजायला ती अजून बोटं वापरते. तास संपल्यावर म्हणाली, "दीदी, ये सब आपको किसने सिखाया?"

मी काकांबद्दल सांगितलं, खुर्च्यांबद्दल, टेबलाबद्दल.

"वो अच्छे थे?"

प्रश्न सरळ होता आणि मीच तिला सरळ विचारायला शिकवलं होतं. मी म्हणाले, "त्यांनी मला बोलायला शिकवलं."

तिने एक बोट उघडलं.

"आणि माझ्याबद्दल माझ्यामागे बोलले."

दुसरं उघडलं. तिसरं उघडून ती तिसऱ्या वाक्यासाठी माझ्याकडे बघत राहिली. बाहेर बाबांचा ब्रश कोणाच्या तरी कपाटावर खालीवर चालला होता. ती थांबली. तिला घाई नव्हती. बोट तिने मिटलं नाही.